हाचिकोचा पुतळा : त्या फॉरवर्डमध्ये अर्धं चुकीचं आहे

हाचिको या जपानी कुत्र्याबद्दलचा तो फॉरवर्ड परत फिरतोय, "हाचिको मेला तेव्हा सगळं टोकियो रडलं आणि मग शिबुया स्टेशनबाहेर पुतळा उभारला, तोच आजही तिथे आहे." अरे बाबांनो, मीपण हाचिकोचा पंखा आहे, पिक्चर बघून ढसाढसा रडलोय, पण हे असं नाहीये.

पुतळा बसवला एप्रिल १९३४ मध्ये आणि हाचिको गेला ८ मार्च १९३५ ला, म्हणजे स्वतःच्या पुतळ्याच्या अनावरणाला साहेब स्वतः हजर होते! (हा मान आपल्याकडे भल्याभल्या पुढाऱ्यांना मिळत नाही.) आणि तो पुतळा आता नाहीच, दुसऱ्या महायुद्धात धातू हवा म्हणून वितळवला. आत्ता जिथे सेल्फीला रांग लागते तो १९४८ चा, आणि तो केला पहिल्या शिल्पकाराच्याच मुलाने. डावा कान बघा, जरा पडलेला आहे, म्हातारपणी हाचिकोचा खरंच तसा झाला होता.

दुसरं, "याकितोरीची (काडीला लावून भाजलेल्या चिकनची) काडी पोटात घुसून मेला" हेही काहीजण खाली चिकटवतात. काड्या पोटात सापडल्या होत्या हे खरं, पण २०११ मध्ये जपून ठेवलेले अवयव परत तपासले तर कॅन्सर निघाला, शिवाय हार्टवर्म (हृदयात होणारे जंत) पण होते.

बाकी त्याचे मालक प्रोफेसर उएनो १९२५ मध्ये गेले आणि हा त्यांची वाट बघत जवळजवळ दहा वर्षं स्टेशनवर येत राहिला, तेवढं मात्र शंभर टक्के खरंय.