‘समोर सभ्य इंग्रज होते म्हणून सत्याग्रह जमला’: हे खरं नाही

सतत पुढे पाठवला जाणारा मजकूर थोडक्यात असा: सत्याग्रह जमला, कारण समोर सभ्य इंग्रज होते. हिटलरपुढे तो एक दिवस टिकला नसता. शिवाय प्रत्येक जण आपल्या विवेकाचं ऐकून कायदा मोडू लागला तर अराजक माजेल.

पहिलं, सभ्यतेचं. जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ रोजी मेलेल्यांचा सरकारी आकडाच ३७९ आहे. २१ मे १९३० रोजी धारासनाच्या मिठागराकडे रांगेने निघालेल्या निःशस्त्र लोकांची डोकी लाठ्यांनी फोडली गेली. अमेरिकी पत्रकार वेब मिलर यांनी ३२० जखमी मोजले. सरकारला अडचणीत आणलं ते हात उचलायला नकार देणाऱ्या शिपायांनी. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरात गढवाली शिपायांनी निःशस्त्र जमावावर गोळी झाडली नाही. त्यांचे पुढारी चंद्रसिंह गढवाली यांना त्यासाठी जन्मठेप झाली. हुकूम सुटला, पण या तुकडीने तो पाळला नाही. शांततामय प्रतिकाराचं बळ इथे असतं, राज्यकर्त्याच्या दयेत नाही.

‘हिटलरपुढे चालला नसता’ हे तर घडलेल्या इतिहासाविरुद्ध आहे. नाझींनी व्यापलेल्या नॉर्वेत फेब्रुवारी १९४२ मध्ये नाझींच्या बाजूच्या क्विसलिंग सरकारने शिक्षकांना सक्तीच्या संघटनेत ओढलं, म्हणजे मुलांना नाझी विचार शिकवणं आलंच. हजारो शिक्षकांनी नकाराची पत्रं पाठवली. मजकूर सगळ्यांचा एकच, पण पत्र ज्याचं त्याने सही करून, आपल्या नावाने पाठवायचं. त्यामुळे म्होरक्या शोधून उचलण्यात अर्थ उरला नाही. सरकारने शाळा महिनाभर बंद ठेवल्या, सुमारे हजार शिक्षकांना अटक केली, शेकडोंना उत्तरेला किर्केनेसला सक्तीच्या मजुरीवर नेलं. पगार तुटला की माणूस मोडतो. म्हणून त्यांच्या घरच्यांसाठी गुपचूप पैसे गोळा होत होते. ती नाझी संघटना शिक्षकांवर लादता आली नाही, आणि त्याच वर्षी पकडलेले शिक्षक घरी परतले.

बर्लिनच्या रोझेनस्ट्रासे या रस्त्यावर १९४३ मध्ये बायकांनी पकडलेल्या ज्यू नवऱ्यांसाठी केलेलं आंदोलन आम्ही पुराव्यात धरत नाही. त्यांच्या नवऱ्यांची सुटका नेमकी कशामुळे झाली यावर इतिहासकारांत वाद आहे.

हा मार्ग फसतोही, आणि ते लपवू नये. बीजिंगमध्ये २० मे १९८९ च्या सुमारास नागरिकांनी लोकशाहीवादी आंदोलन मोडायला निघालेल्या लष्कराच्या गाड्या रस्त्यांवर अडवल्या, शिपायांशी बोलले, आणि लष्कर थांबलं. ३ जूनच्या रात्री बाहेरून आणलेल्या तुकड्यांनी गोळ्या झाडल्या. शिपायापर्यंत पोचायला वेळ आणि ओळख लागते. ती तोडली की निःशस्त्र माणूस एकटा पडतो. उलट त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये सुमारे ७०,००० लोक रस्त्यावर आले, सशस्त्र दल तयार उभं होतं, पण गोळी सुटली नाही.

राहिला अराजकाचा मुद्दा. गुन्हेगार चोरून कायदा मोडतो आणि शिक्षा टाळतो. सविनय कायदेभंग करणारा आधी सांगून, उघडपणे, अन्यायाचा तेवढाच एक हुकूम मोडतो आणि शिक्षा मागून घेतो. १८ एप्रिल १९१७ रोजी बिहारच्या चंपारण जिल्ह्यातल्या मोतिहारीच्या कोर्टात गांधींनी जिल्हा सोडण्याचा हुकूम मोडल्याचं स्वतः कबूल केलं आणि कारण सांगितलं, विवेकाचा आवाज. साक्षीपुरावा लागलाच नाही. मॅजिस्ट्रेटला निकाल पुढे ढकलावा लागला आणि शिक्षा होण्याआधीच सरकारने खटला मागे घेतला. त्यानंतर नेमलेल्या चौकशी समितीत गांधी सदस्य होते, आणि १९१८ च्या कायद्याने शेतकऱ्यांवरची तीनकठिया सक्ती, म्हणजे वीसपैकी तीन कठ्ठे जमिनीत नीळ लावण्याची सक्ती, संपली.