मागच्या शॉकअपची डबी आणि फिरणारा मेसेज

जुन्या धाटणीच्या, मागे दोन शॉकअप असलेल्या बाइकवाल्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरत असतो: ‘मूळचे शॉकअप गेले की गॅसची डबी असलेलेच घ्या. जितके कडक तितके चांगले. इंचभर लांब घ्या, बाइक रुबाबदार दिसते. महागातले परवडत नसतील तर बदलूच नका, स्वस्तातले सगळे भंगार.’ यातल्या शेवटच्या वाक्यात थोडं तथ्य आहे. बाकीच्यांवर विसंबून खरेदी केलीत तर पाठ बोलेल.

आधी डबी, म्हणजे शॉकअपच्या नळीला जोडलेली छोटी टाकी. खराब रस्त्यावर पिस्टन भराभर खालीवर होतो, तेलात हवा मिसळते, फेस होतो आणि फेसाला उसळी आवरता येत नाही. म्हणून चांगल्या शॉकअपमध्ये तेल नायट्रोजनच्या दाबाखाली ठेवतात. डबीत हा गॅस असतो, तेल आणि त्याच्यामध्ये पडदा किंवा तरंगता पिस्टन असतो, शिवाय तेल जास्त मावल्याने ते लवकर तापत नाही. स्वस्त मालात मात्र ही डबी बऱ्याचदा नुसती शोभेची असते. तिच्यातून मुख्य नळीत जायला साधं भोकही नसतं. तेवढ्याच पैशात बिनडबीची साधी जोडी मिळत असेल तर मी डोळे झाकून ती घेईन. निदान नकली डबीचे पैसे तरी त्यात गेलेले नसतात.

‘कडक तितके चांगले’ हे सर्वांत महागात पडणारं वाक्य. वजन पेलायचं काम स्प्रिंगचं, उसळी आवरायचं काम तेलाचं. स्प्रिंग गरजेपेक्षा कडक असली की चाक खड्ड्यामागे खाली जात नाही, उडतं, आणि दणका थेट मणक्यात येतो. प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी, रिंग आवळून स्प्रिंग कडक होते हाही गैरसमजच. बाइक मागून उचलली जाते, एवढंच. त्यापेक्षा टेप काढा. मागचं चाक अधांतरी असताना एक्सलपासून वर सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग हेल्मेट-जॅकेटसकट बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा, एकाला बाइक धरायला आणि दुसऱ्याला तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश इतका फरक यावा. हालचाल 90 मिमी असेल तर साधारण 23 ते 30 मिमी. रिंग पूर्ण आवळूनही बाइक जास्त बसत असेल तर स्प्रिंग मऊ. पूर्ण सैल सोडूनही जेमतेमच बसत असेल तर कडक. स्प्रिंग किती वजनाच्या माणसासाठी आहे हे विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

लांबीचं थोडक्यात. मागची बाजू उचलली की पुढचा फोर्क जास्त उभा होतो, ट्रेल (हँडलच्या कण्याची रेघ जमिनीला जिथे टेकते तिथपासून पुढचं टायर टेकतं तिथपर्यंतचं अंतर) कमी होते आणि वेगात हँडल चंचल वाटतं. साइड स्टँडवर बाइक जास्त कलते. चाक पूर्ण खाली लोंबलं की चेन स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या चौकटीवर) घासू शकते. जुन्या शॉकअपची लांबी वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत मोजा आणि तीच मागा.

आता भंगाराचं. गळक्या शॉकअपवर बाइक रेटत राहणं कुठल्याही साध्या नव्या जोडीपेक्षा वाईट. तेल टायरवर आलं तर विचारूच नका. स्वस्तातही निवड करता येते. बसवल्यावर सीट जोरात दाबून सोडा: एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा डोलली तर डॅम्पिंग, म्हणजे उसळी आवरणं, नावालाच आहे. हौशी लोक नव्या बाइकचे मूळ शॉकअप काढून महागडे लावतात आणि जुने तसेच पडून असतात. लांबी जुळली आणि तुमचं वजन फार वेगळं नसलं तर अशी जोडी उत्तम सौदा. पिस्टनच्या दांड्यावर गंजाचे ठिपके आणि सीलभोवती तेल नाही ना, तेवढं बघा.

वरच्या आणि खालच्या बुशचं (बोल्ट ज्यातून जातो त्या रबर-लोखंडाच्या नळीचं) भोक वेगवेगळ्या मापाचं असू शकतं. तेही मोजा, पत्रा गुंडाळून जुळवू नका. नट आवळताना दाब बुशच्या लोखंडी नळीवर यायला हवा. वायसर रबरावरच बसला तर शॉकअप मोकळा हलत नाही, दांड्यावर आडवा ताण येतो आणि चांगलं सीलही लवकर गळायला लागतं.