‘मॅचच्या रात्री ओला पाव आणि थंड गोळे’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

काल रात्री फुटबॉलचा सामना संपल्यावर तुम्ही लिहिलेला अभिप्राय आज सकाळी आमच्या स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. दोन तारे दिलेत. ब्रुस्केत्ताचा, म्हणजे टोमॅटो घातलेल्या भाजक्या पावाचा, फोटो पाहिल्यावर दुसरा तारा कशासाठी, असं आमच्यातल्याच एकाने विचारलं.

बारा जणांसाठी तुम्ही आमचा इटालियन पार्टी बॉक्स मागवला होता. पाव भिजलेला, आरांचिनी (भाताचे तळलेले गोळे) मऊ आणि आतून थंड, चीजची तार निघाली नाही, मोझरेला स्टिक्स नव्हत्या, आणि ‘शाकाहारी’ लिहिलेल्या डब्यात पार्मेझान होतं, असं तुमचं म्हणणं आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं चवीचं आहे आणि हे विश्वासाचं. तुमच्या पाहुण्यांनी बरोबर ओळखलं. पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे अस्सल पार्मेझान, बनतं दूध, मीठ आणि वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटपासून (दूध घट्ट करणारा पदार्थ). त्या नावाच्या चीजला दुसरं रेनेट चालतच नाही, तसा नियमच आहे. आस्कोलीचे तळलेले ऑलिव्ह मांसाच्या सारणाचे म्हणून आम्ही वेगळ्या डब्यात, वेगळ्या रंगाच्या चिठ्ठीसह पाठवले, आणि शेजारच्या शाकाहारी डब्यातल्या भातात मात्र पार्मेझान किसून घातलं. चीज म्हणजे दूध, एवढ्यावरच आमची अक्कल थांबली होती. त्या पाहुण्यांची मनापासून माफी मागतो. आजपासून त्या डब्यासाठी सूक्ष्मजीवजन्य रेनेटचं कडक चीज वापरतोय. त्याला पार्मेझान म्हणता येणार नाही, म्हणून चिठ्ठीवरही तसं लिहिणार नाही.

आता ब्रुस्केत्ता. रोमच्या बोलीत ‘ब्रुस्कारे’ म्हणजे निखाऱ्यावर भाजणं. नावातच भाजणं आहे आणि आमचा पाव पिळून काढावा असा होता! टोमॅटोला मीठ लागलं की पाणी सुटतं. आम्ही तो पावावर रचून, झाकण लावून, सामन्याच्या दीड तास आधी पाठवला. जेवणाच्या टेबलावर तो लगेच संपला असता. पण मॅच बघणारा माणूस एक तुकडा उचलतो, कॉर्नर मिळाला म्हणून हातातच धरून ठेवतो आणि मग विसरतो. हे खाणं घड्याळाकडे बघून रचायला हवं होतं. आम्ही ते ताटाकडे बघून रचलं.

यापुढे भाजलेला पाव कागदी पिशवीत वेगळा येईल, मीठ लावून पाणी निथळलेला टोमॅटो वेगळा आणि सोबत लसणाची सोललेली पाकळी. पाव पुन्हा जरा गरम करून पाकळी त्यावर घासायची, मग तेल, मग टोमॅटो. तेवढं काम पाहुण्यांवर सोडा, त्यांना ते आवडतं.

आरांचिनीचंही तेच झालं. कढईतून काढून गरम गरम बंद डब्यात भरले, की आतली वाफ कवचच मऊ करते. चीजच्या तारेबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. ती खरी ख्याती रोमच्या सुप्लीची, म्हणजे तिथल्या भाताच्या तळलेल्या गोळ्याची. तो मधून तोडला की दोन तुकड्यांमध्ये मोझरेलाची तार टेलिफोनच्या वायरसारखी लोंबते, म्हणून त्याला ‘टेलिफोनवाला सुप्ली’ म्हणतात. आमच्या सिसिलियन गोळ्यात वाटाण्यांसोबत मोझरेला आहे, तारही निघते, पण गरम असतानाच. (पालेर्मोत त्याला स्त्रीलिंगी ‘आरांचिना’ म्हणतात, कतानियात पुल्लिंगी ‘आरांचिनो’, आणि त्यावरून तिथे खरोखर भांडणं होतात. आम्ही अनेकवचन वापरतो आणि गप्प बसतो.)

म्हणून आता ते थंडगार आणि दोन भागांत येतील. पहिला भाग सामना सुरू होण्याआधी २०० अंशांच्या ओव्हनमध्ये, दुसरा साधारण ३५व्या मिनिटाला. पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणजे मध्यंतराच्या १५ मिनिटांत गरम गोळे समोर असतात. मायक्रोवेव्ह नको, कवच पुन्हा मऊ पडेल. सामना अतिरिक्त वेळेत जाईल हे आम्ही धरलंच नव्हतं. बाद फेरीचा सामना आहे हे माहीत असूनही!

मोझरेला स्टिक्सबाबत मात्र तुमचं म्हणणं पटलं नाही. त्या नव्हत्या म्हणून बॉक्स इटालियन नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्या मुख्यतः अमेरिकेतल्या बारमध्ये रुळलेल्या. इटलीत त्यांच्या जवळ जाणारी म्हणजे पावाच्या दोन कापांत मोझरेला घालून, अंड्यात बुडवून तळलेली ‘मोझरेला इन कारोत्सा’. तीही तळल्या तळल्या खायची, म्हणून पार्टीच्या डब्यात घालायची आमची हिंमत होत नाही. काप्रेसेच्या (टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीसारखं बेसिल ओवलेल्या) काड्या सगळ्यात आधी संपल्या, हे तुम्हीच लिहिलंय. त्याबद्दल आभार.

बॉक्सची पूर्ण रक्कम आज परत पाठवली आहे. अभिप्राय बदलावा अशी अपेक्षा नाही, तो आहे तसाच राहू द्या.

आणि एक, हे तातडीचं. उरलेले आठ आरांचिनी फ्रिजमध्ये ठेवलेत असं तुम्ही लिहिलंय. शिजवलेला भात दोन तासांहून जास्त बाहेर राहिला की त्यात तयार होऊ शकणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तुमचा सामना तर पेनल्टीपर्यंत चालला. ते टाकून द्या.