‘सावकार निदान तोंडावर सांगतो’: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर ते रागाचं झालं असतं, म्हणून दोन दिवस थांबले. आज पुन्हा वाचली आणि तुमचं अर्ध्याहून जास्त म्हणणं खरं आहे असं वाटलं. जे खरं नाही वाटलं, तेही तितक्याच स्पष्टपणे लिहिते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. खेड्यात अडीनडीला पैसे लागले तर आधी बचत गट, मग गावची पतसंस्था, आणि सावकाराकडे कधीच जाऊ नका, असं मी लिहिलं होतं. त्यावर या दादांनी कळवलं की पतसंस्था ‘बारा टक्के’ सांगते आणि घेते त्याच्या जवळपास दुप्पट. शिवाय ती दोन पगारदार जामीनदार मागते, मग ज्याच्या सगळ्या भावकीत एकही नोकरदार नाही त्याने कुठे जायचं? त्यांच्या मेहुण्यांना रात्री दवाखान्यात चाळीस हजार भरायचे होते. पतसंस्थेनं पंधरा दिवस लागतील म्हणून सांगितलं, सावकारानं अर्ध्या तासात रोख दिले, महिना शेकडा पाचनं. ‘सावकार निदान तोंडावर सांगतो,’ असं त्यांनी लिहिलं. आणि शेवटी मला विचारलं, की तुम्ही कधी कर्जासाठी कुणाच्या दारात उभ्या राहिलात का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. शाळेतल्या एका सहकाऱ्याला ते जामीन राहिले. सहकाऱ्यानं हप्ते थांबवले आणि वडिलांच्या पगारातून कपात सुरू झाली, ती तीन वर्षं चालली. किती बाकी आहे, व्याज कसं लावलंय, याचा एकही कागद त्या संस्थेनं आम्हाला दिला नाही. आई दर महिन्याला पगाराची चिठ्ठी हातात घेऊन बसायची. पुढे मी स्वतः तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत नऊ वर्षं खातेवह्या लिहिल्या. म्हणजे त्या काउंटरच्या दोन्ही बाजूंनी मी उभी राहिले आहे.

आता व्याजाचं. तुमचं बरोबर आहे, आणि मूळ लेखात हे यायला हवं होतं. बऱ्याच संस्था ‘फ्लॅट’ दरानं व्याज लावतात. पन्नास हजारांचं कर्ज, दोन वर्षं, बारा टक्के फ्लॅट. व्याज झालं ₹१२,०००, एकूण परतफेड ₹६२,०००, हप्ता साधारण ₹२,५८३. ऐकायला सरळ वाटतं. पण पन्नास हजार तुमच्याकडे दोन वर्षं राहतच नाहीत. पहिल्या हप्त्यापासून मुद्दल कमी होत जातं, वर्षभरानंतर जवळपास निम्मं फिटलेलं असतं, तरी व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण पन्नास हजारांवर. शिल्लक मुद्दलावर मोजलं तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. त्यात कर्ज देतानाच पाच टक्के संस्थेच्या शेअर्ससाठी आणि एक टक्का प्रोसेसिंगसाठी कापले, तर हातात पडतात ₹४७,०००, आणि हप्ता तोच. शेअर्सचे अडीच हजार परत मिळणारच नाहीत असं धरलं तर दर अठ्ठावीस टक्क्यांच्या घरात. याउलट शेजारची संस्था ‘चौदा टक्के, घटत्या शिलकेवर’ म्हणत असेल, तर त्याच पन्नास हजारांचा हप्ता सुमारे ₹२,४०० आणि दोन वर्षांचं व्याज सुमारे ₹७,६००. चौदावाली बारावालीपेक्षा स्वस्त. हे गणित मी नऊ वर्षं रोज केलं, आणि समोर बसलेल्या माणसाला ‘बारा टक्के’ एवढंच सांगितलं. कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगायची रीत नव्हती. त्याची खंत आजही आहे, म्हणूनच हा ब्लॉग लिहिते.

तेव्हा आमच्यात एक बोलणं असायचं, की लोकांना हे समजत नाही. ते खोटं आहे. माण तालुक्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ साली सुरू झाली. बँकेच्या संस्थापक चेतना गाला सिन्हा यांनी तिची गोष्ट अनेकदा सांगितली आहे. प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला. त्या बायका पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला कुठल्याही मुद्दलाचं व्याज तोंडी काढायला सांगा, आणि तुमच्या अधिकाऱ्यांना कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा. परवाना मिळाला. बाजारात रोजचा हिशेब तोंडी करणाऱ्या बाईला फ्लॅट आणि घटती शिल्लक यांतला फरक पाच मिनिटांत कळतो. समोरच्यानं सांगितला तर.

म्हणून पतसंस्थेत गेलात की दर विचारू नका. विचारायचं एवढंच: हातात नेमके किती पडणार, हप्ता किती, एकूण हप्ते किती. बाकीचं घरी येऊन शाळेतल्या पोरालाही काढता येतं. आणि हे उत्तर त्यांच्या शिक्क्याच्या कागदावर घ्या. बँका आणि वित्त कंपन्यांना रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी सगळा खर्च धरून वार्षिक दर सांगणारं पत्रक द्यावंच लागतं. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, त्यामुळे तिथं ते आपल्यालाच मागून घ्यावं लागतं. मागायचा हक्क मात्र आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, कलम ३२: सभासदाला आपल्या व्यवहाराच्या नोंदी बघता येतात आणि लेखी मागितल्यावर संस्थेनं महिन्याभरात नक्कल द्यायची असते. नाही दिली तर तालुक्याला सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे अर्ज करायचा. माझ्या वडिलांना हे कलम कुणी सांगितलं असतं तर आईची ती तीन वर्षं निदान अंधारात गेली नसती.

जामिनाबद्दल तुमच्याशी माझा वाद नाही. कायद्यानं जामीनदार कर्जदाराइतकाच बांधील असतो, आणि वसुली करणाऱ्याला पगारातून कपात करणं सोपं पडतं, म्हणून संस्था पगारदारच मागतात. यात शेतमजूर, विधवा बाई, हातगाडीवाला आपोआप बाहेर पडतो. गाव ज्यांच्यासाठी संस्था काढतं तेच दाराबाहेर, हे चूकच आहे. त्यातून दोन वाटा मला माहीत आहेत आणि दोन्ही आधीपासून चालावं लागणाऱ्या आहेत. एक पिग्मी. रोजचे वीस-पन्नास रुपये एजंटाकडे भरणाऱ्याला साचलेल्या रकमेच्या ठरावीक हिश्श्याइतकं कर्ज बहुतेक ठिकाणी विनाजामीन मिळतं. (फक्त हे लक्षात असू द्या, की पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेतल्यासारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नाही. वार्षिक सभेच्या अहवालात ऑडिटचा वर्ग आणि थकबाकी बघूनच पैसे ठेवा. आणि संस्था मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी असेल तर तिचा निबंधक दिल्लीत बसतो, तालुक्याच्या कचेरीत नाही.)

दुसरी वाट बचत गट. इथं तुम्ही लिहिलंय, ‘गटवाल्या बायका दर आठवड्याला दारात येऊन बसतात.’ दादा, तो बचत गट नव्हे. ते मायक्रोफायनान्स कंपनीचं कर्ज, ज्याला आपल्याकडं सगळेच ‘गट’ म्हणतात, आणि या एका शब्दानं फार घोटाळा केलाय. बचत गटात दहा-वीस बायका आपलीच बचत आपसात फिरवतात. दर बहुधा महिना दोन टक्के असतो, तोही कमी नाही, पण ते व्याज गटाच्याच पेटीत पडतं आणि त्यात कर्ज घेणारीचाही वाटा असतो. नाबार्डनं १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, आणि आता उमेद या सरकारी अभियानातल्या गटांना तीन लाखांपर्यंतचं बँक कर्ज सात टक्क्यांनी मिळतं. मुख्य म्हणजे कर्ज कुणाला द्यायचं हे बैठकीत ठरतं, तिथं पगाराची चिठ्ठी कुणी मागत नाही. गावातली गरज गावातल्या बायकांना अर्जाशिवाय माहीत असते. मायक्रोफायनान्स कंपनीला २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत: तारण घ्यायचं नाही, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ द्यायचे नाहीत, वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. दारात बसणाऱ्यांना हे तोंडावर सांगा.

आता सावकार. इथं मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही.

तो तोंडावर सांगतो, खरं आहे. पण तेवढंच. कागदावर काय असतं? कोरे चेक असतात. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही असते. आणि रक्कम मोठी असेल तर जमिनीचं खरेदीखत, ‘पैसे फेडलेस की उलटून देतो’ या तोंडी बोलीवर. बोली तोंडात राहते आणि सातबाऱ्यावर नाव त्याचं लागतं. माझ्या माहेरच्या गावात विहिरीजवळचे दोन एकर असेच गेले. मूळ कर्ज बोअर मारायला घेतलं होतं.

आपल्या भागाला हे नवं नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले आणि तो उठाव नगरपर्यंत पसरला. बहुतेक ठिकाणी त्यांनी माणसांना हात लावला नाही, कर्जरोखे आणि खातेवह्या मागून घेतल्या आणि जाळल्या. निरक्षर माणसांना नेमकं कळलं होतं की आपला गळा कुठे अडकलाय. त्यानंतर १८७९ चा डेक्कन शेतकरी कायदा आला. रोख्यावर काय लिहिलंय एवढ्यावर न थांबता कर्जाचा मूळ इतिहास तपासायची मुभा त्यानं कोर्टाला दिली आणि सावकारावर पावती व हिशेब देण्याचं बंधन घातलं. दीडशे वर्षांपूर्वीही मागणी हीच होती, की हिशेब लिहून द्या.

आजचा कायदा आहे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवानाधारकालाही चक्रवाढ लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, यालाच दामदुप्पट म्हणतात. शासनानं २०१४ सालीच दर ठरवून दिले: शेतीसाठी तारणावर वर्षाला नऊ टक्के, विनातारण बारा, बिगरशेतीसाठी तारणावर पंधरा, विनातारण अठरा.

यावर मेहुण्यांचं कर्ज ठेवून बघा. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. चाळीस हजारांवर महिना दोन हजार. तुम्ही लिहिलंय की ते चौदा महिने देतायत. म्हणजे अठ्ठावीस हजार गेले आणि मुद्दल जागच्या जागी चाळीस हजार. अठरा टक्क्यांनी महिन्याला सहाशे होतात, चौदा महिन्यांचे आठ हजार चारशे. वरचे एकोणीस हजार सहाशे त्या अर्ध्या तासाची किंमत आहे. त्या रात्री त्यांनी ती मोजली यात मी त्यांना दोष देणार नाही. मीही दिली असती, कारण पतसंस्थेचे पंधरा दिवस दवाखान्याच्या दारात काही कामाचे नाहीत. पगारदारांच्या सोसायट्यांत ‘आकस्मिक कर्ज’ असतं, दोन दिवसांत मिळतं. गावच्या पतसंस्थेला ते का जमू नये, हे वार्षिक सभेत उभं राहून विचारण्यासारखं आहे, आणि सभासद म्हणून तुम्हाला विचारता येतं. पण ती रात्र संपून चौदा महिने झाले. आता तशी घाई उरलेली नाही.

आधी त्यांनी बँकेत किंवा बहिणीच्या गटात चाळीस हजारांची सोय होते का ते बघावं. महिना दोन टक्क्यांनी मिळाले तरी सुरुवातीचं व्याज आठशे होतं, आणि आज जे दोन हजार नुसत्या व्याजात जातायत त्यातले बाराशे मुद्दलात जातील. सावकाराचा परवाना आहे की नाही ते जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात कळतं, आणि तक्रारही तिथंच होते. तक्रार करायची की नाही हा त्यांचा निर्णय. त्या गावात त्यांना राहायचंय, मला नाही, हे मला समजतं. पण मुद्दल फेडायला जाताना एकटे जाऊ नका, आणि कोरे चेक परत हातात आल्याशिवाय शेवटची रक्कम देऊ नका.

मूळ लेखातला ‘पतसंस्थेचे दर वाजवी असतात’ हा परिच्छेद मी आज काढून तिथं वरचं पन्नास हजारांचं गणित घातलं आहे, तुमच्या प्रतिक्रियेमुळे असं लिहून. आणि मेहुण्यांना एक निरोप द्या. चौदा महिन्यांत कुठल्या तारखेला किती दिले, कुणासमोर दिले, ते आजच एका वहीत लिहून काढा म्हणावं, अजून आठवतंय तोवर. पुढचा हप्ता फोनवरून पाठवा, रोख नको.