कॅमेरा आहेराकडे धरा

लग्नाचे व्हिडिओ काढून पोट भरायचं ठरवलंत, अभिनंदन. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत शिफ्ट करण्यापेक्षा हे काम हलकं, वर जेवण फुकट, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. सांगणाऱ्यानं वैशाखात पत्र्याच्या शेडखाली गिंबल, म्हणजे कॅमेरा हलू न देणारा दांडा, हातात धरून मंगलाष्टकं ऐकलेली नाहीत, एवढंच. पण तुमचा उत्साह घालवायला मी बसलेलो नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हा धंदा कसा करावा, याच्या काही गोष्टी पुण्या-बेंगळुरूच्या वर्कशॉपमध्ये सांगत नाहीत. त्या ऐकून घ्या.

कॅमेऱ्यापासून सुरुवात करू नका. कॅमेरा हप्त्यावर मिळतो, आणि तो कुठल्या कंपनीचा, हे वधूपिता कधी विचारत नाही. तो विचारतो, ‘ड्रोन आहे काय?’ त्याच्यामागून त्याचा मेहुणा विचारतो, ‘क्रेन?’ आणि सगळ्यात शेवटी नवरदेव हळूच विचारतो, ‘रील कधी देणार?’ तिघांना अनुक्रमे ‘आहे’, ‘आहे’ आणि ‘आज रात्रीच’ अशी उत्तरं द्या. खरं काय ते मांडवात बघता येतं.

ड्रोनचं तेवढं नीट समजून घ्या. २०२१ च्या नियमांप्रमाणे विमानतळाच्या कुंपणापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशे फुटांच्या वर जायला परवानगी लागते, आणि त्याहून जवळ आलात तर जमिनीपासूनच लागते. म्हणजे बेळगाव विमानतळाजवळच्या सांबरा, मुतगा, निलजीची वरात आकाशातून टिपायची तर आधी अर्ज. शिवाय सांबऱ्यात हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं. परदेशी ड्रोनची आयात फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. तरीही प्रत्येक वरातीवर एक घोंघावत असतोच. तो इथल्याच काळ्या मातीत उगवला असणार, तंबाखूच्या शेजारी.

स्टुडिओ उघडणार असाल तर पाटीचं आधी बघा. २०२४ पासून पाटीचा साठ टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो. उरलेल्या चाळीस टक्क्यांत तुमचं मराठी नाव, ‘सिनेमॅटिक’ हा शब्द, गणपती, मोबाइल नंबर आणि एक नवरी बसवायची आहे. फ्रेमिंगचा याहून चांगला धडा मिळणार नाही. व्हिडिओच्या टायटलमध्येही तोच घोळ. मुलाकडचे ‘बेळगाव’ लिहा म्हणून हटून बसतात, मुलीचे काका सरकारी नोकरीत असतात, ते १ नोव्हेंबर २०१४ नंतरचं ‘बेळगावी’ लिहा म्हणतात. तुम्ही मंगल कार्यालयाचं नाव लिहा आणि मोकळे व्हा.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही उजेड शिकला असाल, रंग शिकला असाल. एलईडीच्या भिंतीसमोर पट्टे दिसू नयेत म्हणून शटर सेकंदाच्या एक छेद पन्नासावर ठेवायचा, हेही तुम्हाला येत असेल. छान. पण नाती शिकलात काय? मुलाची थोरली चुलती कोण, धाकटी कोण, दोघींमध्ये बोलणं आहे की बंद, वाटणीची केस खालच्या कोर्टात आहे की धारवाडच्या खंडपीठात, हे माहीत असल्याशिवाय कॅमेरा चालू करू नका. नवरीचा चेहरा एखादा मिनिट फोकसबाहेर गेला तरी कुणाला कळत नाही. पण आत्याचे यजमान सुटले, तर फोन ठरलेला. ‘ओ दादा, आमचं दाजी कुठंच दिसंनात की व्हिडिओत! सकाळपास्नं तर तिथंच हुभं होतं.’ दाजी सकाळपासून तिथंच होते हे खरं. तुमच्या लेन्ससमोर पाठ करून होते.

आणि आहेर. तीन कॅमेऱ्यांपैकी सगळ्यात भरवशाचा कॅमेरा स्टँडवर लावून आहेराकडे धरा. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलेलं असतं, ते वाचून कॅमेरामन जेवायला गेला तर त्याचा धंदा त्याच दिवशी बुडाला. दोन तास रांग चालते. प्रत्येक माणूस स्टेजवर चढतो, नवरदेवाच्या हातात पाकीट ठेवतो आणि पाकीट अजून दोघांच्या हातात असतानाच मान वळवून तुमच्याकडे बघतो. तिथं एक श्वास थांबायचं असतं. न थांबता कॅमेरा फिरवलात, तर तो पाकीट परत घेऊन पुन्हा देतो.

हे चित्रीकरण पुढे कसं पाहिलं जातं, ते बघण्यासारखं असतं. सत्यनारायण आटोपल्यावर घरातली मोठी माणसं टीव्हीसमोर बसतात. एकाच्या हातात वही, एकाच्या हातात रिमोट. ‘थांब, थांब, मागं घे. पाकीट दिलंय काय नुसता हात मिळवलाय?’ ‘पाकीटच आहे.’ ‘जाड दिसंना पण.’ तुमच्या फुलांवरून सरकत जाणाऱ्या शॉटवर, उदबत्तीच्या धुरावर, नवरीच्या मेंदीवर रिमोटचं पुढं ढकलायचं बटण दाबलेलं असतं. आहेराला मात्र एकेक फ्रेम बघतात. असा जागरूक प्रेक्षक चित्रपट महोत्सवातही मिळत नाही, आणि तुम्ही कलावंत असाल तर याचा आनंद माना.

सत्कारही त्याच जातीचे. आमच्याकडे अक्षता पडायच्या आधी फेटे बांधून घेणारे बरेच असतात. ग्रामपंचायतीचे आजी, माजी आणि भावी सदस्य, सोसायटीचे चेअरमन, महाराष्ट्र एकीकरण समितीचे कार्यकर्ते, राष्ट्रीय पक्षांचे कार्यकर्ते. गेल्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध प्रचार केलेले दोघे एकाच सोफ्यावर बसलेले असतात आणि कॅमेऱ्याचा दिवा लागला की हसून हातात हात घेतात. हा शॉट दोघांनाही वेगवेगळा पाठवा. पुढच्या वाढदिवसाच्या बॅनरचं काम त्यातून निघतं. लग्नापेक्षा त्याचे पैसे लवकर येतात.

मुहूर्त बारा पस्तीसचा असतो. तो पत्रिकेत असतो. प्रत्यक्षात काय होतं ते भटजींवर, माइकवर आणि आमदारांच्या गाडीवर अवलंबून. तुमची खरी परीक्षा अंतरपाटाची. पडदा खाली जातो, हार पडतात, सगळा खेळ दोन-चार सेकंदांचा. शिकवणारे सांगतात की आठवं मंगलाष्टक आलं की तयार राहा. कागदावर हे बरोबर आहे. मांडवात आठ झाल्यावर मुलीची मैत्रीण स्वतः रचलेलं एक म्हणते, त्यात दोन्ही घराण्यांतली बावीस नावं असतात. मग निवृत्त मुख्याध्यापक असलेले मामा एक म्हणतात. मग माइक फिरत फिरत एका छोट्या मुलीकडे जातो, ती विसरते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. प्रत्येकाच्या शेवटी ‘सावधान’ आहेच. तुम्ही किती वेळा सावध होणार? आणि ज्या क्षणी पडदा खरंच खाली जातो, त्या क्षणी तुमच्यासमोर पन्नास मोबाइल वर येतात. तुमच्या चौकटीत नवरा नाही, नवरी नाही, पन्नास छोट्या स्क्रीनवर पन्नास छोटे नवरे आहेत.

घाबरू नका. ‘पुन्हा एकदा हार घाला’ म्हणा. कुणाला काही वाटत नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण मार्च २०२३ मध्ये एकाच आठवड्यात दोन वेळा झालं, दोन वेगळ्या पक्षांनी केलं. हार दुसऱ्यांदा घालायला कसली लाज?

सूचना दोन्ही भाषांत देता आल्या पाहिजेत. निपाणी-चिकोडीकडच्या जैन घरांत आई कानडी बोलते, वडील मराठी, आणि मुलं ज्याच्याकडून पैसे हवेत त्याच्या भाषेत. तिथं ‘आजी, थोडं हसा’ म्हटलं तर आजी तुमच्याकडे दगडासारखी बघते. ‘अज्जी, स्वल्प नग्री’ म्हणा, सगळे दात दिसतील, नसलेलेसुद्धा. या बाबतीत चौकातल्या भाषणांवर जाऊ नका. मांडवात भाषेवरून भांडण झालेलं मी पाहिलं नाही, जिलेबी संपल्यावरून पाहिलंय.

प्रीवेडिंगला नाही म्हणू नका, त्यात पैसा आहे. जोडपं गोकाकचा धबधबा मागतं. मागतं ते एप्रिलमध्ये, कारण लग्न मे महिन्यात आहे. एप्रिलमध्ये घटप्रभेवर झुलता पूल असतो, काळाभोर कडा असतो, फक्त धबधबा नसतो. म्हणून जुलैमध्ये एकदा जाऊन पाणी भरून ठेवा, हार्ड डिस्कमध्ये. आंबोलीला उलट अडचण, पावसाळ्यात धुक्यात नवरदेवच सापडत नाही. काही नवरदेवांच्या बाबतीत ते बरंही दिसतं. चोर्ला घाटातून गोव्याला न्यायचं ठरलं तर पेट्रोलचं आधी बोलून घ्या, कारण गाडीत जोडप्याबरोबर नवरीचा भाऊही येतो आणि तो खातो फार.

हिशेबाचं सांगतो. फोर-केमध्ये १०० एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिटनं, तासाला ४५ जीबी भरतात. तीन कॅमेरे, आठ तास, म्हणजे हजार जीबीच्या वर. हे दोन डिस्कवर ठेवायचं, कारण एक बसली तर नवरा-नवरीला पुन्हा उभं करता येत नाही. बेळगावच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून लेन्स कोरड्या ठेवायच्या डब्याचा खर्च वेगळा. एवढं सगळं करून तुम्ही घरी निघालात की मुलाचे वडील खिशातून ३२ जीबीचा पेनड्राइव्ह काढतात आणि म्हणतात, ‘ह्यातच बसवून द्या सगळं, आणि जुनी भजनं आहेत तेवढी पुसू नका.’

सीझनचंही गणित पक्कं हवं. तुळशीचं लग्न लागलं की सुरू, आषाढात बंद, मध्ये गुरू-शुक्राचा अस्त आला की तोही तुमच्याच हप्त्याच्या महिन्यात. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, तेव्हा शहरात लॉजची खोली मिळत नाही. कोल्हापूरहून बोलावलेल्या दुसऱ्या कॅमेरामनला तुमच्या हॉलमध्ये, ट्रायपॉडच्या बॅगेवर डोकं ठेवून झोपवा. तो कोल्हापूरहून पोचेल याचीही खात्री धरू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या बस थांबल्या होत्या. सीमाप्रश्न १९५६ पासूनचा आहे, पण तो चिघळायला मुहूर्त नेमका दाट लग्नतिथीचाच बघतो.

राहिले पैसे. तीन हप्ते ठरवा: बुकिंगला, लग्नादिवशी आणि व्हिडिओ देताना. पहिला मिळतो. दुसऱ्याच्या वेळी ‘आता बघा, आचाऱ्याचं चाललंय’ असं उत्तर येतं. तिसऱ्याला, ‘व्हिडिओ बघून देऊ की, आम्ही कुठं पळून जाऊलालोय काय?’ पळून जात नाहीत हे खरं आहे. रविवारी गणपत गल्लीत समोरासमोर भेटतात, चहा पाजतात, दुसरं लग्न तुमच्याचकडे म्हणतात. तुम्ही कायदा दाखवायला गेलात तर तो त्यांच्या बाजूचा निघतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रीकरणाचा पहिला मालक मोबदला देणाराच. मोबदला पूर्ण द्यावा लागतो की ‘देऊ की’ म्हटलं तरी चालतं, यावर इथल्या चहाच्या टपऱ्यांवर मतभेद आहेत.

म्हणून सांगतो, फाइल पुसू नका. तुम्हाला वाटेल डिस्क भरली, तीन वर्षांपूर्वीचं लग्न, कोण मागतंय. मागतात. वधूवरांना मिळालेल्या भेटींची लेखी यादी करून ठेवावी आणि त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात, असा १९८५ चा नियम आहे, हुंडाबंदी कायद्याखालचा. अशी यादी केलेलं लग्न मी शूट केलेलं नाही. तेव्हा संसार फिसकटला आणि सोनं कुणी किती घातलं यावर प्रकरण आलं, की दोन्ही घरांना एकाच वेळी तुमची आठवण होते. आधी मुलीकडच्या वकिलाचा कारकून फोन करतो. संध्याकाळी मुलाचा भाऊ येतो, तो येताना कुंदा, ही इथली मिठाई, घेऊन येतो. त्यांना तुमचा टीझर नको असतो, पाठवणीची स्लो मोशन नको असते. आहेराचे ते दोन तास हवे असतात, न कापता, तारीख-वेळेसकट. सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या अंगठ्याच्या ठशासारखा आकडा, लिहावा लागतो. १ जुलै २०२४ पासून हा नवा नमुना आला आहे, त्याची कोरी प्रत दुकानात ठेवा.

प्रती दोन करा, पैसे दोन्हीकडून घ्या. आणि मागची बाकी जमा झाल्याशिवाय प्रमाणपत्रावर सही करू नका. बाकी मुलाकडची असली तरी मुलीकडच्या वकिलाकडे मागून बघा, त्याची तारीख जवळ आलेली असते.