बेवारस तव्याचे वारसदार

नवरा निवृत्त झाला की त्याला कसला तरी नाद लागतो. कुणाला पर्वतीचा लागतो, कुणाला नाट्यसंगीताचा, कुणाला सोसायटीच्या मीटिंगांचा. ह्यांना बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, भांड्यांचा लागला. नवी भांडी नव्हेत, ती दुकानात मिळतात आणि त्यात काही मजा नाही. ह्यांना हवं होतं ते जुनं, जड, गंजलेलं आणि शक्यतो इंग्रज देशात असतानाचं.

सगळं सुरू झालं ते मोबाइलवरच्या अमेरिकन व्हिडिओंपासून. तिकडे म्हणे लोक जुनं भांडं दिसलं की आधी पालथं घालतात आणि वाचतात. तळावर वर्तुळात क्रॉस असेल तर ते पेनसिल्व्हेनियातल्या एरी गावच्या ग्रिसवोल्डचं. तो कारखाना १८६५ साली सुरू झाला आणि १९५७ साली बंद पडला, म्हणजे भांडं त्या दरम्यानचं. वॅगनर असं नाव असेल तर ओहायोतल्या सिडनीचं. नावाच्या अक्षरांचं वळण बघून दशक सांगणारेही महाभाग आहेत. नाव नसलं आणि तळावर नुसती एक आडवी उंचवट्याची रेघ असली तर मग आनंदच, कारण ते भांडं साधारण १८९०च्याही आधीचं. तेव्हा लोखंडाचा रस साच्यात तळाच्या बाजूनं ओतत आणि ओतल्या जागी तसा व्रण राही. भांड्यावर आठचा आकडा असेल तर तो इंचांचा नसतो, त्या काळच्या चुलीच्या भोकाचा नंबर असतो.

हे सगळं मला स्वयंपाक करता करता ऐकावं लागलं. १७०७ साली औरंगजेब नगरजवळ मेला आणि त्याच साली इंग्लंडात अब्राहम डार्बीनं वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचं पेटंट घेतलं, हे तर ह्यांनी मी वरणाला फोडणी देत असतानाच सांगितलं. फोडणी करपली. औरंगजेबाच्या नावावर आणखी एक अपराध.

आपल्याकडे भांडं ओळखायची पद्धत याहून सोपी आहे. स्टीलच्या पेल्यावर टिंबाटिंबांनी नावच घातलेलं असतं : अमुकच्या मुंजीप्रीत्यर्थ तमुककडून, खाली तारीख. माझ्या मांडणीवर ज्यांना मी जन्मात पाहिलेलं नाही अशा माणसांची नावं रोज धुऊन पालथी पडलेली असतात. पण बिडाच्या तव्यावर कुणी नाव घालत नाही. त्यामुळे एकदा का तो घराबाहेर पडला की कुणाचाच नसतो, किंवा सगळ्यांचा असतो. ह्यातलं दुसरं मला तेव्हा सुचलं नव्हतं.

मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. हे दोन्ही वार आमच्या घरात सणावारांसारखे पाळले जाऊ लागले. बाजारातले विक्रेते ह्यांच्या चेहऱ्याकडे बघूनच ‘साहेब, इंग्रजांच्या काळातला’ म्हणायला लागले. तिथे सगळंच इंग्रजांच्या काळातलं असतं, मोबाइलचा चार्जरसुद्धा. ह्यांनी खिशातून लोहचुंबक नेलं होतं. पण चुंबक घडीव लोखंडालाही चिकटतं आणि ओतीव बिडालाही, त्याचा काडीचा उपयोग नाही. बीड ओळखायचं ते अंगच्या रवाळपणावरून, आणि कानांवरून. घडीव कढईचे कान रिव्हेट मारून जोडलेले असतात, बिडाचे कान भांड्याबरोबरच ओतलेले. तवा तडकलेला तर नाही ना, हे कळण्यासाठी तो बोटावर अधांतरी धरून टिचकी मारायची. नाद घुमला तर धड, बद्द वाजला तर भेग. ह्यांनी इतक्या तव्यांना टिचक्या मारल्या की विक्रेता म्हणाला, “काका, तवा आहे, घंटा नाही.”

अखेर एक तवा घरी आला. मी किंमत विचारली, ह्यांनी वजन सांगितलं. रंग विटेचा, वर कुणाच्या तरी पिढ्यांच्या धिरड्यांची काजळी. तळावर एक पुसट रेघ होती, आणि तेवढ्यावर हे आनंदानं घरभर फिरले. मी विचारलं, “ती रेघ अमेरिकेतल्या भांड्यांचं वय सांगते ना? आपल्याकडच्या ओतणाऱ्यानं परवा तशीच ठेवली नसेल कशावरून?” यावर ह्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, तसं आमच्या लग्नात हुंड्याचा विषय निघाला तेव्हा माझ्या वडिलांनी पाहिलं होतं.

बिल्डरनं ज्या जागेला ड्राय बाल्कनी असं नाव दिलंय तिथे मग कारखाना उभा राहिला. जळक्या तेलाचा थर कॉस्टिक सोड्यानं निघतो, गंजाला मात्र तो हातही लावत नाही. शिवाय तो अॅल्युमिनियम खातो, म्हणून बादली प्लॅस्टिकची, हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर नातवाचा पोहण्याचा चष्मा. दूधवाल्यानं दारातून हे दृश्य पाहिलं आणि दुधाची पिशवी बाहेरच ठेवून गेला. गंजासाठी दुसरा खटाटोप. पाण्यात धुण्याचा सोडा, तव्याला बॅटरीच्या चार्जरचं ऋण टोक, धन टोकाला भंगारातला लोखंडी पत्रा, मग बुडबुडे येत राहतात आणि गंज सुटत जातो. धन टोकाला स्टील लावायचं नाही, त्यातून क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं. माझी पातेली वाचली ती केवळ या शास्त्रीय कारणामुळे. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून खिडकी उघडी ठेवायची. उघड्या खिडकीतून वरच्या मजल्यावर बातमी गेली आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं की तुम्ही घरात बॅटऱ्यांचा धंदा काढलाय का.

बाहेर आलेला तवा राखाडी आणि नितळ होता. तो तसाच ओला ठेवला तर बघता बघता पुन्हा तांबूस होतो, म्हणून लगेच गॅसवर कोरडा करायचा आणि तेल द्यायचं. तेल लावायचं आणि ते चुकून लागलं होतं असं समजून पुसून टाकायचं. जो उरतो तो थर दोनशे अंशांच्या वर तापला की कातडीसारखा घट्ट बसतो. व्हिडिओतल्या माणसानं जवसाचं तेल सांगितलं, म्हणून लाकडी घाण्यावरून ते आणलं. थर सुरेख आला आणि चार धिरड्यांत पापुद्रे होऊन धिरड्याबरोबर निघाला. मग मी करडईचं तेल पुढे केलं. आमच्या माहेरी तव्यासाठी, डोक्यासाठी आणि दाराच्या बिजागरीसाठी तेच एक असायचं. कापलेला अर्धा कांदा त्यात बुडवून फिरवला, आणि तवा हळूहळू काळा होत गेला. या काळ्या रंगाचं श्रेय ह्यांनी चार्जरला दिलं.

काजळी निघाल्यावर कानाशी इंग्रजी आठाचा आकडा दिसू लागला होता. ह्यांनी त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. इथून खरी ओळखपरेड सुरू झाली.

आत्याबाई कोथरूडहून रिक्षानं आल्या. चप्पल काढायच्या आत त्यांनी निकाल दिला. “अरे बाळू, हा तर आपल्या शनिवार पेठेतल्या वाड्यातला तवा!”

“आत्या, मी जुन्या बाजारातून आणलाय.”

“तेच म्हणते मी. पुरात गेलेलं सामान शेवटी जाणार कुठे?”

पूर म्हणजे १२ जुलै १९६१चा, पानशेतचा. आमच्या घरातून त्या पुरात जितक्या वस्तू गेल्या तितक्या त्या वाड्यात मावल्या असत्या का, याची मला लग्नापासून शंका आहे. चांदीचं तबक, सतार, कुठल्याशा जमिनीचे कागद. दर दिवाळीला यादीत भर पडते. हे चिवटपणे म्हणाले, “आत्या, बीड पाण्याच्या सातपट जड असतं. ते वाहत नाही.”

“वाहिला कोण म्हणतंय? वाडा पडला, तवा ढिगाऱ्यात राहिला. म्हणून तर गंजला.”

“आणि हा आठ?”

“आपल्या घराच्या नंबरात आठ होता की शेवटी!”

दुसऱ्या दिवशी वन्सं आल्या. त्यांना पुरावा नको होता, चव हवी होती. मी तव्यावर एक आंबोळी घालून दिली. पहिल्याच घासाला त्यांचे डोळे भरून आले. “आजीच्या हातची चव गं!” पीठ कोपऱ्यावरच्या दुकानातलं तयार होतं. पिशवी मी ओट्याखाली सारली.

मग ग्रुपवर वाटणीची चर्चा सुरू झाली. सहा महिने आत्याबाई, सहा महिने वन्सं, गणपतीत आमच्याकडे. गंजलेला होता तोपर्यंत ह्याच लोकांना मी त्याचा फोटो दाखवला होता, आणि सगळ्यांनी ‘भंगारात द्या’ असं एकमतानं लिहिलं होतं. आत्याबाईंनी तर तव्यावर टोमॅटो, चिंच, लिंबू चढवायचं नाही असा नियमही घालून दिला. आंबटानं थर जातो, हे खरंच आहे, पण त्यांना ते वाड्यातल्या आजीनं सांगितलं होतं आणि ह्यांना अमेरिकेतल्या दाढीवाल्यानं, यावरून पुन्हा तासभर गेला.

वाटणी जवळजवळ ठरली तेवढ्यात नाशिकच्या चुलतदिरांचा मेसेज आला. हे भाऊजी वर्षानुवर्षं सुप्रभातापलीकडे काही लिहीत नाहीत. त्यांनी लिहिलं होतं : ‘वाड्यात दोन तवे होते. दुसरा कुठे आहे?’

घरात शांतता पसरली. आत्याबाई ह्यांच्याकडे संशयानं बघू लागल्या. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“अगं, आज वार कोणता?”

“मंगळवार,” मी म्हटलं.