क्लच प्लेट ११,४०० किलोमीटरलाच का गेली? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मोटारसायकलच्या क्लच प्लेटच्या (इंजिनाची ताकद चाकाकडे जोडणाऱ्या-तोडणाऱ्या चकत्यांच्या) आयुष्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण रोखठोक लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे: मी ३० ते ५० हजार किलोमीटर हा आकडा दिला, आणि आपल्या १२५ सीसी गाडीच्या प्लेटा मात्र ११,४०० किलोमीटरलाच जळाल्या, तेव्हा एकतर कंपनीने हलका माल घातला असावा किंवा मी अंदाजपंचे लिहिले असावे. शिवाय इंजिन ऑइलचा क्लचशी संबंध जोडणे ही ऑइल विकणाऱ्यांची युक्ती आहे, असेही आपण म्हणता.

आकड्याबाबतचा दोष मी पदरात घेतो. माझ्या गाडीच्या पहिल्या प्लेटा ४६,००० किलोमीटर चालल्या, परंतु ती गाडी बहुतेक काळ सातारा ते कऱ्हाड अशी महामार्गावरून धावली, हे मी त्या लेखात लिहायला हवे होते. चौथा गिअर पडला की पुढची पंधरा-वीस मिनिटे क्लचला हात लावावा लागत नाही, अशा रस्त्यावरचा आकडा कात्रज ते हिंजवडी रोज जाणाऱ्या माणसाला सांगणे चुकीचेच होते.

मात्र त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. क्लच पूर्ण जोडलेला असताना त्यातल्या प्लेटा स्प्रिंगच्या दाबाखाली एकमेकींना चिकटून एकत्र फिरतात आणि तेव्हा त्यांची झीज जवळजवळ होतच नाही. झीज होते ती लिव्हर सुटत असताना, एक प्लेट पुढे आणि दुसरी मागे राहते त्या क्षणांत. म्हणून क्लचचे वय किलोमीटरमध्ये मोजण्यापेक्षा तो किती वेळा आणि किती वेळ घसरला यात मोजावे. महामार्गावर मला ५० किलोमीटरमध्ये दहा वेळा गाडी थांबवून पुन्हा उचलावी (जागेवरून पुढे काढावी) लागत असेल, तर ४६,००० किलोमीटरमध्ये ते ९,२०० वेळा झाले. आपल्याला २५ किलोमीटरमध्ये शंभर वेळा थांबावे लागते असे धरले (नवले पूल आणि वाकडचा परिसर पाहता हा अंदाज मला फुगवलेला वाटत नाही), तर ११,४०० किलोमीटरमध्ये ते ४५,६०० वेळा होते. या हिशेबाने आपल्या क्लचने माझ्या क्लचच्या जवळजवळ पाचपट काम केले आहे. मालाला नावे ठेवण्यापूर्वी एवढे तरी पाहायला हवे.

आपल्या प्रतिक्रियेतल्या एका वाक्यावर मी अधिक वेळ थांबलो. आपण लिहिता, "मी हाफ क्लच कधीच करत नाही, फक्त चढावरच्या सिग्नलला गाडी मागे जाऊ नये म्हणून लिव्हर थोडे सोडून धरतो." महोदय, हाफ क्लच म्हणतात तो यालाच, आणि त्याचा हा सर्वांत महागडा प्रकार आहे. गाडी आणि स्वार मिळून २०० किलो वजन धरू, आणि पहिल्या गिअरमध्ये ताशी १२ किलोमीटरला क्लच पूर्ण जुळतो असे मानू. सपाट रस्त्यावर इंजिनाचे फेरे साधारण एकसारखे ठेवून गाडी एकदा उचलली, तर त्या दोन-तीन सेकंदांत क्लचमध्ये सुमारे १,१०० ज्यूल उष्णता निर्माण होते. आता दर १२ फुटांना एक फूट चढणाऱ्या रस्त्यावर तितक्याच फेऱ्यांवर गाडी क्लचने जागच्या जागी तोलून धरली, तर दर सेकंदाला सुमारे ५४० ज्यूल उष्णता होते. म्हणजे दोन सेकंद गाडी तोलणे हे एकदा गाडी उचलण्याबरोबर आहे, आणि ४० सेकंदांचा सिग्नल हा सलग वीस वेळा गाडी उचलण्याइतका आहे. (वजन दोन्ही बाजूंना सारखेच येते, त्यामुळे मागे कोणी बसले तरी हे प्रमाण बदलत नाही.) वीस वेळा गाडी उचलताना मधल्या काळात ऑइल प्लेटांची उष्णता वाहून नेते, चढावर तोलून धरताना त्याला ती उसंतच मिळत नाही. चढावर गाडी उजव्या पायाच्या ब्रेकवर उभी ठेवावी, आणि क्लच पकडू लागला की ब्रेक सोडावा.

ऑइलच्या मुद्द्यावर मी आपल्याशी पूर्ण असहमत आहे. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तर मोटारीचा क्लच कोरडा असतो. त्यामुळे मोटारीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये बिनधास्त घालता येतात. आपल्या क्लचला मात्र घर्षणच हवे असते. याच कारणासाठी जपानमध्ये १९९८ साली जासो टी ९०३ हे मोटारसायकलच्या ऑइलचे मानक आले. डब्यावर एमए किंवा एमए२ असे लिहिलेले ऑइल ओल्या क्लचसाठी असते, तर एमबी हे कमी घर्षणाचे ऑइल ज्यांचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसतो अशा स्कूटरसाठी ठीक असते. ही पुस्तकी माहिती नव्हे. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीत मोटारीचे उरलेले ऑइल ओतले गेले. दोनशे किलोमीटरच्या आतच कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळली की इंजिन ओरडायचे आणि वेग तेवढाच राहायचा. प्लेटा बदलाव्या लागल्या नाहीत, परंतु दोनदा ऑइल बदलल्यावरच ती घसरण थांबली.

आपल्याला प्लेटांबरोबर क्लचचे हाऊसिंगही (प्लेटा ज्यात बसतात ते भांडे) बदलायला लावले, असे आपण लिहिले आहे. ते आवश्यक होते की नाही, हे जुने सुटे भाग पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. ते गॅरेजमधून मागून घ्या. अशा छोट्या गाड्यांची घर्षण प्लेट नवी असताना जेमतेम तीन मिलिमीटर जाड असते, आणि साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर झिजली की ती बाद धरतात; म्हणजे तिचे सारे आयुष्य वहीच्या तीन-चार पानांएवढ्या जाडीत सामावलेले असते. व्हर्नियरने जाडी मोजा, नेमकी मर्यादा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. जाडी शिल्लक असूनही पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत व काळा झाला असेल, जळका वास येत असेल आणि मधल्या पोलादी प्लेटांवर निळसर डाग असतील, तर ती झीज नसून भाजणे आहे, आणि चढावरच्या सिग्नलशी त्याचा संबंध आहे असे मी म्हणेन. हाऊसिंगच्या कडेच्या बोटांसारख्या पट्ट्यांवर प्लेटांच्या दातांनी खोल खाचा पाडल्या असतील, तर ते बदलणे योग्यच होते. नुसत्या पुसट खुणा असतील, तर आपले पैसे वाया गेले.

नव्या प्लेटांसाठी एक गोष्ट आजच पाहा. लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळा खेळ, म्हणजे क्लचवर ताण येण्याआधी लिव्हर सैल हलते तेवढे अंतर, असायला हवा. केबल वापराने ताणून लांबली की हा खेळ वाढतो आणि आपण तो कमी करून घेतो. प्लेटा झिजल्या की मात्र तो आपोआप कमी होतो, आणि तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. खेळ पूर्ण संपला की लिव्हरला बोट न लावताही क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. आपल्या जुन्या प्लेटांच्या बाबतीत शेवटच्या महिन्यांत हेही घडले असण्याची शक्यता आहे, कारण लिव्हर "एकदम कडक आणि लगेच पकडणारे" झाले होते, असे आपणच लिहिले आहे.